अकरावा कोण?

(तृतीय वर्ष, कला)

तेलगावच्या चौकात दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक बीडहून परळीकडे जातो, दुसरा माजलगावहून धारूरकडे. एसटी, उसाचे ट्रॅक्टर आणि माणसे यांची येथे दिवसभर वर्दळ असते. परंतु बाहेरगावच्या वाचकाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. भारताच्या क्रिकेट संघाची निवड मुंबईत होते, असा सर्वत्र समज आहे. तो खोटा आहे. ती आमच्या चौकातल्या चहाच्या हॉटेलात, सकाळी सात ते नऊ ह्या वेळात होते!

ह्या निवड समितीवर एक सेवानिवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या कानांत अजून बाळ ज. पंडितांचे रेडिओवरील समालोचन घुमत असते. साखर कारखान्यात पाळीवर जाणारे एक मामा आहेत. ते रात्रपाळी करून येतात आणि झोपायचे सोडून फलंदाजांची सरासरी काढत बसतात. एक ट्रॅक्टरवाले दादा आहेत. बाकी आम्ही कॉलेजची पोरे. हॉटेलवाले काका तटस्थ. पण चहाची उधारी फार वाढली की त्यांचे मत एकदम कडक होते.

ही समिती मानधन घेत नाही. तिच्या बैठकीला कधी कोरम कमी पडत नाही. तिचा दोष एकच. तिचा निकाल ठरलेला असतो: ‘काढा त्याला!’

हे मी चेष्टेने लिहीत असलो तरी त्या समितीतला सर्वांत मोठा आवाज माझा होता, हे आधीच कबूल करतो. आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. आपला संघ ऑस्ट्रेलियात होता. त्याआधी न्यूझीलंडने आपल्या घरी येऊन आपल्याला तीनही कसोटी सामन्यांत हरवले होते, त्यामुळे चौक आधीच तापलेला. त्या मालिकेत कर्णधार रोहित शर्माच्या सहा डावांत ९१ धावा झाल्या होत्या. ऑस्ट्रेलियात पाच डावांत ३१. सिडनीच्या कसोटीत कर्णधार स्वतःच बाहेर बसला, तेव्हा आमच्याकडे जणू दिवाळी झाली.

“पाच डावांत एकतीस! काय खेळायलाय का झोपायलाय?” मी म्हणालो.

“बसला ना आता घरी? लई दिवस झाले होते,” ट्रॅक्टरवाले दादा म्हणाले.

“ओ गुरुजी, सांगा आता. आमचं खरं निघालं का नाही?” मामांनी विचारले.

गुरुजींनी बशीतला चहा संपवला आणि शांतपणे म्हणाले, “बाळांनो, निघालं असंल खरं. पण एक साल पाऊस हुकला म्हणून रान कोणी पडीक टाकतं का?”

आम्ही हसलो. गुरुजी जुन्या काळातले, एवढेच आम्हांला वाटले. मार्चमध्ये दुबईत चँपियन्स करंडकाचा अंतिम सामना झाला. तारीख ९. त्याच रोहितने ७६ धावा काढल्या, सामनावीर ठरला, आणि करंडक घेऊन आला. त्या रात्री चौकात फटाके उडाले. जानेवारीत ‘काढा’ म्हणणारे सगळे फटाके उडवण्यात पुढे होते. मीही होतो. गुरुजी मात्र ‘मी म्हणालो होतो’ असे एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी तसे म्हटले असते तर बरे झाले असते, कारण न म्हटल्यामुळे ती गोष्ट माझ्या मनात राहिली.

कसोटीचे फलंदाज वेगळे आणि एकदिवसीय सामन्याचे वेगळे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. रोहित मे २०२५ मध्ये कसोटीतून निवृत्त झाला आणि त्याच्या कसोटीतल्या खेळीविषयी चौकाचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. माझा मुद्दा निराळा आहे. आम्ही जानेवारीत ‘हा कसोटीत आता चालणार नाही’ असे म्हणत नव्हतो. आम्ही ‘हा संपला’ असे म्हणत होतो. ह्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले वाक्य खेळाविषयी आहे, दुसरे माणसाविषयी.

वृत्तपत्रे ‘फॉर्म’ला ‘सूर’ म्हणतात. फलंदाजाला सूर सापडला, फलंदाजाचा सूर हरवला. शब्द मोठा नेमका आहे. आमच्या गावच्या सप्ताहात एखाद्या बुवांचा आवाज एके दिवशी बसतो. म्हणून त्यांना गाणे येत नाही असे कोणी म्हणत नाही. गावकरी आले-गुळाचा काढा पाजतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच हाती वीणा देतात. परंतु फलंदाजाच्या बाबतीत मात्र आपण सूर आणि गाणे यांची सरमिसळ करतो.

ज्याचे नाव घेताना आमचा चौक उभा राहतो त्या सचिन तेंडुलकरचेच उदाहरण घ्या. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पहिल्या तीन कसोटींत त्याच्या धावा होत्या ०, १, ३७, ० आणि ४४. पाच डावांत ८२. आमच्या समितीच्या नियमाने तो चौथ्या कसोटीत घरी बसला असता. तो सिडनीला खेळला आणि त्याने नाबाद २४१ धावा केल्या. कव्हर ड्राइव्ह मारताना आपण बाद होत आहोत हे ओळखून त्याने त्या डावात तो फटकाच बाजूला ठेवला. म्हणजे हरवलेला सूर नशिबाने परत आला नाही. आपण का बाद होतो हे शोधून त्याने तो परत आणला. ‘किती धावा?’ हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. ‘का बाद होतो?’ हा प्रश्न सचिनने स्वतःला विचारला. मित्रहो, हा ‘का’ लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

आपण शौकीन किती लवकर विसरतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण अजित वाडेकरांचे आहे. १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. त्यावर केवढा वाद झाला! पण वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला त्यांच्याच भूमीवर हरवले, आणि त्याच वर्षी ओव्हलवर इंग्लंडलाही. ज्यांचा काळ सरला असे अनेकांना वाटत होते त्या दिलीप सरदेसाईंनी वेस्ट इंडीजमध्ये ६४२ धावा केल्या. नवख्या सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४. ह्या विजयांच्या कौतुकाने इंदूरला सिमेंट-काँक्रीटची भली मोठी बॅट उभारण्यात आली.

मग १९७४ साल उजाडले. इंग्लंडमध्ये आपण तीनही कसोटी हरलो. लॉर्ड्सवर आपला एक डाव ४२ धावांत आटोपला. त्याच इंदूरच्या बॅटला लोकांनी डांबर फासले. वाडेकरांना पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले आणि ते क्रिकेटमधून निवृत्त झाले. तीन वर्षांत तीच माणसे हार घेऊन आली होती आणि तीच डांबर घेऊन आली. डांबर फासणाऱ्यांना आपण हसू शकतो. परंतु आपल्या मोबाईलवर आपण रोज काय लिहितो, ते जरा आठवून पाहावे.

येथे कोणी विचारील, “मग काय, कोणाला कधी काढूच नये?”

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. संघात अकराच जागा असतात. एकाला धीर द्यावा तर दुसऱ्याला दाराबाहेर थांबावे लागते. भाऊसाहेब निंबाळकरांची कथा क्रिकेटवेड्या मराठी माणसाने पाठ करावी अशी आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळताना त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ ह्या त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी करायला नऊ धावा हव्या होत्या. प्रतिस्पर्धी कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना तेथेच संपला. एवढी मोठी खेळी करणारा हा फलंदाज भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळला नाही.

दुसरे नाव अमोल मुझुमदार. १९८८ साली शारदाश्रमच्या सचिन-विनोद जोडीने ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. त्याची पाळी आली नाही. पुढे १९९३-९४ च्या हंगामात मुंबईकडून रणजी पदार्पणातच त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा आणि ३० शतके करूनही भारताच्या संघात त्याला जागा मिळाली नाही, कारण त्या काळी मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण उभे होते. ह्यात निवड समितीचा दोष काढणेही कठीण आहे. म्हणजे निवड ही अशी गोष्ट आहे की ती चोख केली तरी कोणावर तरी अन्याय होतो. चौकात बसून ‘काढा’ आणि ‘घ्या’ म्हणणाऱ्यांना हे ओझे नसते. म्हणून आपला आवाज मोठा असतो.

आपल्या वादातला आणखी एक लाडका शब्द म्हणजे ‘वशिला’. कोणी निवडला गेला की पहिला प्रश्न: ‘कोणाचा आहे?’ आपल्या भागातल्या माणसाला हा प्रश्न का सुचतो, हे मी समजू शकतो. नोकरीपासून घरकुलापर्यंत त्याने जे पाहिलेले असते, तेच तो क्रिकेटमध्ये पाहतो. परंतु प्रत्येक वेळी ते खरे असतेच असे नाही. सुनील गावसकर मुंबईकडून पहिल्या रणजी सामन्यात शून्यावर बाद झाले, तेव्हा मामा माधव मंत्री निवड समितीत असल्यामुळे भाचा संघात आला, असे लोक बोलले. पुढच्याच सामन्यात राजस्थानविरुद्ध भाच्याने ११४ धावा केल्या. त्या एका शून्यावर त्याला काढले असते, तर लोकांच्या दृष्टीने न्याय झाला असता आणि भारताचे केवढे नुकसान झाले असते!

वशिल्याच्या उलट बाजूला ‘आपला माणूस’ असतो. आपल्या माणसाच्या बाबतीत आपले सगळे नियम बदलतात. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर यांचा विषय निघाला की आमचा चौक एकदम मवाळ होतो. पण खरे सांगायचे तर बांगरांनाही आपण नीट ओळखलेले नाही. ऑगस्ट २००२ मध्ये हेडिंग्लेला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ४६ धावांनी हरवले. त्या सामन्याचा धावफलक पाहा. तेंडुलकर १९३, द्रविड १४८, गांगुली १२८. आणि सलामीला आलेले बांगर ६८. डोळा पहिल्या तीन आकड्यांवरच थांबतो. परंतु ढगाळ हवेत, चेंडू वळत-उसळत असताना, सेहवाग लवकर बाद झाल्यावर द्रविडबरोबर १७० धावांची भागीदारी बांगरांनी केली. २३६ चेंडू त्यांनी अंगावर घेतले. नवा चेंडू जुना झाल्यावर मागून आलेल्यांनी शतके ठोकली. ते ६८ नसते तर ते १९३ झाले असते का?

चौकात आपण आकडे घोकतो, पण आकडा कोणत्या हवेत, कोणत्या खेळपट्टीवर आणि कोणासमोर जन्माला आला हे विचारत नाही. परीक्षेच्या गुणपत्रिकेविषयी मात्र हेच आपण तावातावाने बोलतो. लोडशेडिंगमध्ये अभ्यास करून, दुसऱ्याच्या घरी राहून मिळवलेले पंचावन्न टक्के आणि शहरातल्या शिकवणीचे सत्तर टक्के एका मापाने मोजू नका, असे आपणच म्हणतो ना?

बीडचाच सचिन धस हा दुसरा. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ धावांचा पाठलाग करताना आपले चार फलंदाज ३२ धावांत गेले होते. सहाव्या क्रमांकावर आलेल्या आपल्या पोराने ९६ धावा केल्या आणि कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावा जोडून सामना फिरवला. त्या रात्री हॉटेलात बसायला जागा नव्हती. पाच दिवसांनी अंतिम सामन्यात तो लवकर बाद झाला आणि आपण हरलो. तेव्हा मात्र ‘काढा’ असे एकही जण म्हणाला नाही. “पोरगं हाय अजून, शिकंल,” असे मामा म्हणाले. माझे म्हणणे एवढेच, की जी माया आपण बीडच्या पोराला दाखवली, ती राजकोटच्या, रांचीच्या आणि चेन्नईच्या पोरालाही दाखवावी. तीही कोणाच्या तरी चौकातली पोरे आहेत.

आता मी माझ्या गोष्टीवर येतो.

त्याच जानेवारी २०२५ मध्ये, जेव्हा सिडनीच्या कसोटीवर आम्ही चौक डोक्यावर घेतला होता, आमच्या कॉलेजच्या संघाची एका स्पर्धेसाठी निवड व्हायची होती. मी कर्णधार होतो. सरांनी सांगितले, “तुम्ही मुलेच ठरवा. मी फक्त सही करीन.” आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ‘काढा’ ह्या शब्दाला किंमत आली.

आमच्यात एक डावखुरा फलंदाज होता. त्याचे नाव येथे देत नाही. त्याला ते आवडणार नाही. मॅटिंगवर लेदरच्या चेंडूने खेळताना आमच्या संघात त्याच्यासारखा स्थिर दुसरा कोणी नव्हता. आदल्या वर्षी एका सामन्यात आमचे सहा गडी बाद झाले असताना त्याने एकट्याने सामना काढून दिला होता. परंतु दिवाळीच्या सुट्टीनंतर तो कॉलेजात दिसला नाही. जानेवारीत आला. सरावाचे दोन सामने खेळला. एकात शून्य, दुसऱ्यात तीन. दोन्ही वेळा बॅट हातात फिरल्यासारखी झाली आणि सोपा झेल गेला.

मी अकरा नावे लिहिली, त्यांत त्याचे नाव नव्हते. कोणी विचारले तेव्हा मी चौकातल्याच आवाजात म्हणालो, “दोन डावांत तीन धावा. फॉर्म नाही गड्या त्याचा. नाव बघून घ्यायचं का?” ते वाक्य मला फार आवडले होते. आपण निःपक्षपाती आहोत असे वाटले. फळ्यावर यादी लावली. त्याने ती वाचली, माझ्याकडे पाहून “बरोबर हाय तुझं” म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला. त्यानंतर तो मैदानावर आला नाही. स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. पण तो असता तर जिंकलो असतो असे मी म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही.

मार्चमध्ये, चँपियन्स करंडकानंतरच्या आठवड्यात, आम्ही दोघे एका बाकावर शेजारी बसलो होतो. लिहिताना त्याने पेन विचित्र धरला होता. मी त्याचा हात पाहिला. तळहाताला भेगा, बोटांच्या पेरांवर जुने घट्टे. तेव्हा मी पहिल्यांदा विचारले आणि त्याने सांगितले. त्याचे आई-वडील ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती पूर्ण कोयत्याची. त्या वर्षी दिवाळीत आई आजारी पडली. कोयता अर्धा राहिला तर उचल फिटायची कशी? म्हणून आईच्या जागी तो गेला. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला. दोन महिने. परत आला त्या आठवड्यात मी त्याच्या हातात बॅट दिली आणि त्याचा ‘फॉर्म’ तपासला.

त्याच्या हातांनी बॅट धरवत नव्हती. हे मला कोणी सांगायला हवे होते असे नाही. मी विचारायला हवे होते. सचिन तेंडुलकर का बाद होतो हे मला तोंडपाठ होते. माझ्या शेजारच्या बाकावरचा मुलगा का बाद होतो हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी एक गोष्ट कॅलेंडर घेऊन पाहिली. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते आणि पाडव्याच्या आसपास पट्टा पडतो. रणजी करंडकाचा हंगाम साधारण ह्याच महिन्यांत असतो. शाळा-कॉलेजांच्या बहुतेक स्पर्धाही हिवाळ्यातच. म्हणजे धारूर, वडवणी, माजलगावच्या वाड्या-तांड्यांवरची पोरे जेव्हा फडात किंवा कोपीत असतात, नेमकी तेव्हाच निवड चालू असते. मराठवाड्याला रणजीत स्वतंत्र संघ नाही, आपली पोरे पुण्याच्या संघटनेकडून महाराष्ट्रासाठी खेळतात, तेथे आपल्याला संधी कमी मिळते, असा वाद आमच्या चौकात दर हिवाळ्यात होतो. त्यात तथ्य असेलही. परंतु आपल्याच मैदानावर, आपल्याच यादीत, आपण कोणाला येऊच देत नाही, हा वाद आम्ही कधी घातला नाही. भारताचा अकरावा कोण, ह्यावर आमचे घसे बसले. आमच्याच वर्गातला बारावा कोठे आहे, हे कोणी विचारले नाही.

मग करावे काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये मला ह्याचे अर्धे उत्तर मिळाले. आपल्या महिलांच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीच्या स्मृती मानधनाचे कौतुक आम्ही केलेच, पण माझे लक्ष मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जकडे होते. स्पर्धेच्या सुरुवातीला ती दोनदा शून्यावर बाद झाली. इंदूरच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला बाहेर बसवले गेले. आपण तो सामना हरलो. पुढच्या सामन्यात ती परत आली आणि न्यूझीलंडविरुद्ध तिने नाबाद ७६ धावा केल्या. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचे लक्ष्य ठेवले, तेव्हा नाबाद १२७ धावा करून तिनेच आपल्याला अंतिम सामन्यात नेले. तेथे सामनावीर ठरली शफाली वर्मा, जी मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावलला दुखापत झाली म्हणून तिला बोलावणे गेले होते. आणि ह्या संघाचा प्रशिक्षक कोण? अमोल मुझुमदार! ज्याला भारताचे दार कधी उघडले नाही तो.

जेमिमाला काढले गेले, हे खरे. परंतु तिच्यामागून दार लावून घेतले नाही. मी काढले आणि दारही लावले. माझी चूक यादीत नव्हती. सूर हरवलेल्याला एखादा सामना बसवणे चूक नाही. चूक ही, की मी त्याला समोर बसवून काही सांगितले नाही, काही विचारले नाही, आणि परत कधी ये हेही बोललो नाही. फळ्यावरच्या कागदाला माझे तोंड करून मी मोकळा झालो.

म्हणून माझ्या वाचक मित्रांपुढे आणि आपल्या क्रीडा विभागापुढे काही सूचना ठेवतो. पहिली, कॉलेजच्या संघाची निवड दोन सामन्यांवर करू नये. उन्हाळ्यात पट्टा पडल्यानंतर आणि सप्टेंबरमध्ये टोळ्या जाण्याच्या आधी, असे दोनदा निवड सामने घ्यावेत, म्हणजे फडावर जाणाऱ्या मुलाचा खेळ कोणीतरी पाहिलेला असेल. दुसरी, सरावाच्या प्रत्येक डावाची नोंद एका वहीत ठेवावी. धावांशेजारी चेंडू किती खेळला, कसा बाद झाला, हेही लिहावे. शंभर पानी वहीला फार खर्च येत नाही. तिसरी, ज्याला वगळायचे त्याला यादी लागण्यापूर्वी कर्णधाराने स्वतः भेटून कारण सांगावे आणि त्याचेही ऐकावे. चौथी, उशिरा परतणाऱ्या मुलासाठी एक जागा राखीव खेळाडूंत मोकळी ठेवावी.

ह्यातली वही आम्ही यंदा सुरू केली आहे. सप्टेंबरचा निवड सामनाही झाला. त्याला बोलवायला मी त्याच्या घरी गेलो होतो. माफी मागायची असे ठरवून गेलो, पण त्याच्या आईने चहा ठेवला, वडील शेजारी बसले, आणि ते शब्द तोंडातच राहिले. आईची प्रकृती आता बरी आहे. तो सामन्याला आला. त्याने ४१ धावा केल्या, ६३ चेंडू खेळला, आणि मिडविकेटला झेल देऊन बाद झाला. वहीत पहिलीच नोंद त्याची आहे. यंदा तो फडावर गेलेला नाही, संघात आहे. पुढच्या साली काय होईल, ते पावसावर आणि उचलीवर अवलंबून.

चौकातली आमची समिती अजून भरते. वाद तर हवाच. वादाशिवाय क्रिकेटला चव नाही. ह्या हिवाळ्यातही कोणाचा तरी सूर हरवेल, कोणीतरी पेपर आपटून ‘काढा त्याला’ म्हणेल, आणि कदाचित तो मीच असेन. माझी गुरुजींना एवढीच विनंती आहे, की त्या वेळी त्यांनी बशी खाली ठेवावी आणि मला विचारावे, “का रे बाळा, तो का बाद होतोय ते बघितलंस का?”